लहान मुलांची शब्दसंपत्ति

मूल पहिल्या दिवशीं शाळेंत पाऊल टाकतें तेव्हां तें रिकाम्या हातानें येत नाहीं. आईच्या मांडीवर, आजीच्या गोष्टींत, अंगणांतल्या खेळांत आणि बाजाराच्या गर्दींत पांचसहा वर्षें घालवून त्यानें शब्दांची एक शिदोरी बांधून आणलेली असते. ती शिदोरी सोडून पाहण्याचे श्रम शाळेनें घेतले तर मुलाची वाणी भराभर वाढते. न घेतले तर तेंच बोलकें मूल वर्गांत मुकें होऊन बसतें, आणि मग मास्तर म्हणतात कीं, ह्याच्यापाशीं शब्दच नाहींत! मराठी मुलखांतील प्राथमिक शिक्षणाचा गेल्या दोनशें वर्षांचा इतिहास एका दृष्टीनें ह्या शिदोरीच्या उपेक्षेचा, आणि पुढें हळूहळू तिची ओळख पटत गेल्याचा इतिहास आहे.

हा इतिहास सोलापुरास बसून वाचला म्हणजे त्याचें मर्म लवकर उमगतें. मराठी, कानडी, तेलुगु आणि उर्दू अशा चार भाषा ह्या शहरांत शेजारीं शेजारीं नांदत आल्या आहेत. दक्षिणेस कानडी मुलूख लागून आहे. १८७७ सालीं येथें पहिली कापडगिरणी सुरू झाली, आणि गिरण्या व माग यांच्या आधारानें तेलंगणांतील पद्मशाली विणकरांचीं असंख्य कुटुंबें येथें स्थायिक झालीं. शाहीर रामजोशी ह्याच गांवचे. मराठींत कानडी मिसळून कवनें रचणें त्यांना अवघड वाटलें नाहीं, कारण ऐकणाऱ्यांचे कानच तसे घडलेले होते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत शहराच्या दक्षिणेस, विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या दरम्यान, नवी वस्ती वाढली. तिचें नांव 'जुळे सोलापूर'. नोकरदार, शिक्षक, पेन्शनर आणि तालुक्यांच्या गांवांहून आलेलीं कुटुंबें येथें राहतात. नांव वस्तीचें आहे, परंतु तें तेथील बालकांच्या जिभेसही शोभेल. कारण त्यांचे शब्दही जुळे असतात: एक घरचा आणि एक पुस्तकाचा. ह्या दोन शब्दांची गांठ कोणीं आणि कशी घालावयाची, हाच खरा प्रश्न आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं गांवोगांव पंतोजींच्या शाळा चालत. देवळाच्या ओवरींत नाहीं तर एखाद्या सावकाराच्या पडवींत मुलें जमत. धूळपाटीवर अक्षरें गिरवीत. ओनामा, बाराखडी, पाढे, पावकी, निमकी, दिडकी घोकून झाली म्हणजे मोडी वाचन आणि जमाखर्च यांकडे वळत. छापील वाचनपुस्तक हा प्रकारच नव्हता. शब्द म्हणून शब्द शिकवावयाचे असतात ही कल्पनाही त्या शाळेंत नव्हती. रोजकीर्द, खतावणी, हवाला, बाकी असले शब्द कामाच्या ओघांत कानीं पडत आणि काम करतां करतां अंगवळणीं पडत. शिकणारीं मुलें बहुतेक भटाभिक्षुकांच्या, कुळकर्ण्यांच्या आणि वाण्यांच्या घरचीं. त्यांना ते शब्द घरींही ऐकूं येत. दुसरीकडे संस्कृत पाठशाळेंत अमरकोश तोंडपाठ करवीत. एकाच वस्तूचीं अनेक नांवें श्लोकांत गुंफलेला हा कोश म्हणजे शब्दसंग्रह वाढविण्याचें आपल्याकडील फार जुनें साधन. पाण्याचीं, अग्नीचीं, सूर्याचीं नांवें विद्यार्थी धडाधड म्हणून दाखवीत. पंतोजीच्या शाळेपासून एक गोष्ट घेण्यासारखी होती, ती ही कीं, शब्द कामांतून येतो. पाठशाळेपासून घेण्यासारखी गोष्ट ही कीं, शब्द उजळणीनें टिकतो. पुढें आलेल्या नव्या शाळांनीं दुसरी गोष्ट उचलली आणि पहिली सोडून दिली.

१८१८ सालीं पेशवाई संपली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे मुंबईचे गव्हर्नर असतांना १८२२ सालीं देशी भाषांत शाळापुस्तकें तयार करण्यासाठीं एक मंडळी स्थापन झाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे हे तिच्या कामांतले प्रमुख पुरुष. छत्रे यांचीं 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' हीं पुस्तकें १८२८ सालीं बाहेर पडलीं. मुलांसाठीं म्हणून मराठी गद्यांत छापलेलीं हीं आरंभींचीं पुस्तकें. त्याच सुमारास भाषेचा खजिना मोजण्याचें कामही चाललें होतें. १८२९ सालीं शास्त्रीमंडळींनीं रचलेला 'महाराष्ट्र भाषेचा कोश' निघाला, आणि १८३१ सालीं मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. ह्या दुसऱ्या कोशाची १८५७ ची आवृत्ति सुमारें साठ हजार शब्दांची आहे. तिचें थोरपण केवळ आंकड्यांत नाहीं. ग्रंथांत न सांपडणारे, परंतु लोकांच्या तोंडीं असलेले शब्द मोल्सवर्थनीं आस्थेनें वेंचले. कुणब्याचा, कोष्ट्याचा, सुताराचा, खेळणाऱ्या पोरांचा शब्द त्यांच्या कोशांत मानानें येऊन बसला. शाळेच्या पुस्तकास मात्र ही उदारता साधली नाहीं.

१८५४ सालच्या वुडसाहेबांच्या खलित्यानंतर १८५५ मध्यें सरकारी शिक्षणखातें सुरू झालें, आणि मेजर थॉमस कँडी यांच्या देखरेखीखालीं मराठी वाचनपुस्तकांची माला तयार झाली. मोल्सवर्थच्या कोशकार्यांतही कँडी यांचा हात होता, आणि मराठी लेखनांत विरामचिन्हांची शिस्त आणण्याचें श्रेयही त्यांच्याकडे जातें. ह्या मालेचे उपकार थोडे नाहींत. शुद्धलेखन स्थिर झालें. खानदेशांतलें आणि कोंकणांतलें मूल एकच धडा वाचूं लागलें. परंतु ह्या लाभाची किंमतही द्यावी लागली. पुण्याच्या शास्त्रीमंडळींचा शब्द तो शुद्ध आणि इतर सारे गांवढळ, अशी एक उतरंड लागली. खेड्यांतलें मूल आपल्या घरचा शब्द वर्गांत उच्चारावयास लाजूं लागलें.

धड्याखालीं 'शब्दार्थ' देण्याची जी रीति रूढ झाली तिनें ह्या लाजेवर कळस चढविला. गगन म्हणजे आकाश, रवि म्हणजे सूर्य, जल म्हणजे पाणी: अशा याद्या मुलें पाठ करीत. जेथें दुसरा शब्द मुलाच्या ओळखीचा असे तेथें कांहीं तरी हातीं लागे. परंतु विषाद म्हणजे खेद, आणि खेद म्हणजे विषाद, अशी जेथें अपरिचिताची अपरिचिताशीं सोयरीक होई, तेथें मुलाच्या पदरीं दोन पोकळ आवाज पडत. परीक्षेंत गुण मिळत. बोलण्यांत शब्द उतरत नसे.

अक्षरओळखीच्या पायरीवरही हाच घोटाळा दिसतो. वर्णमालेचा क्रम सोडून वळणाच्या साम्यानें अक्षरें शिकवावीं, ह्या विचारानें 'ग म भ न' ही जोडणी पुढें रूढ झाली. लिहिण्याच्या दृष्टीनें ती सोपी, यांत शंका नाहीं. पण ह्या चार अक्षरांपासून शब्द कोणते होतात तें पाहा: मग, मन, नग, नभ, गमन, नमन, मनन. यांपैकीं 'मग' तेवढा मुलाच्या नित्य बोलण्यांतला; 'मन' त्यानें ऐकलेला असतो; नभ, गमन आणि मनन हे तर सहा वर्षांच्या बालकाच्या गांवींही नसतात. अक्षर सोपें म्हणून शब्द सोपा होत नाहीं. बालकाच्या दृष्टीनें 'भाकरी' हा शब्द 'नभ' याहून कितीतरी सोपा, जरी त्यांत काना आणि वेलांटी असली तरी.

ही विसंगति ज्यांनीं मुळाशीं जाऊन पाहिली त्यांत महात्मा जोतीराव फुले यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं जें निवेदन केलें त्यांत प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्य तों शेतकरी वर्गांतून तयार व्हावेत, आणि शिक्षणक्रमांत मोडी व बालबोध लेखनवाचन, हिशेब यांबरोबर शेतीचीं मूलतत्त्वें असावींत, अशी मागणी होती. मुलांत मिसळणारा आणि त्यांच्या गरजा जाणणारा शिक्षक त्यांना हवा होता. शब्दांच्या दृष्टीनें ह्या मागणीचा अर्थ स्पष्ट आहे: मुलाचा शब्द ज्याला कळतो तोच त्याला नवा शब्द देऊं शकतो.

युरोपांत हा विचार त्यापूर्वींच चालू झालेला होता. कोमेनियस नांवाच्या मोराव्हियांतील धर्मोपदेशकानें १६५८ सालीं 'ऑर्बिस पिक्टस' हें सचित्र पुस्तक काढलें. त्यांत प्रत्येक शब्दाजवळ त्या वस्तूचें चित्र होतें. स्वित्झर्लंडांतील पेस्टॅलॉझी यानें एक पाऊल पुढें टाकून, आधीं वस्तु, मग शब्द, असा आग्रह धरला. त्यांतून निघालेली 'वस्तुपाठा'ची पद्धति आपल्या ट्रेनिंग कॉलेजांतही येऊन पोहोंचली. पण चांगल्या पद्धतीसही घोकंपट्टीची वाळवी लागते. इंग्लंडांतील वस्तुपाठांच्या एका प्रसिद्ध पुस्तकांत पहिलाच पाठ कांचेचा होता. कांचेचा तुकडा हातीं घ्यावयाचा आणि ती चकचकीत, पारदर्शक, ठिसूळ आहे असें मुलांकडून वदवावयाचें! मूल कांचेकडे पाहतें तें तिच्यांतून पलीकडचें जग दिसतें म्हणून, तिचीं विशेषणें मोजण्यासाठीं नव्हे. वस्तु समोर ठेवली तरी मुलाचें कुतूहल जागें होईपर्यंत शब्द त्याचा होत नाहीं.

विसाव्या शतकानें मराठी बालकास दोन नवीं साधनें दिलीं. पहिलें साधन मासिकाचें. वासुदेव गोविंद आपटे यांनीं १९०६ सालीं 'आनंद' हें मुलांचें मासिक सुरू केलें. ह्याच आपट्यांनीं म्हणी आणि वाक्प्रचार यांचा संग्रह केला, आणि १९२२ सालीं 'मराठी शब्दरत्नाकर' हा कोश सिद्ध केला. कोशकार आणि मुलांचा गोष्टीवेल्हाळ संपादक एकाच देहांत नांदावे हा योग मोठा शुभ. दुसरें साधन नव्या धर्तीच्या वाचनमालांचें. १९३० नंतरच्या दशकांत आचार्य अत्रे यांच्या 'नवयुग वाचनमाले'नें उपदेशाचा बडेजाव कमी करून धड्यांत हंसूं आणि खेळ आणले. त्याच काळांत शाळेचें दारही रुंद होऊं लागलें होतें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा पाया घातला. मुंबई इलाख्यांत १९१८, १९२३ आणि १९४७ सालीं प्राथमिक शिक्षणाचे कायदे झाले. ज्यांच्या घरीं पिढ्यान् पिढ्या पुस्तक नव्हतें अशीं मुलें आतां वर्गांत आलीं, आणि घरचा शब्द व पुस्तकाचा शब्द यांतलें अंतर प्रथमच ढळढळीत दिसूं लागलें.

तें अंतर तुडविण्याचें काम ज्यांनीं प्रत्यक्ष केलें त्या ताराबाई मोडक. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या सहवासांत त्यांनीं माँटेसरी पद्धतीचा अभ्यास केला. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९३६ सालीं दादरला शिशुविहार सुरू झाला. शहरांतलें यश पाहून त्या थांबल्या नाहींत. १९४५ सालीं ठाणें जिल्ह्यांतील, आतांच्या पालघर जिल्ह्यांतील, बोर्डी येथें त्यांनीं ग्रामीण बालशिक्षणाचें केंद्र काढलें, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच शाळाच मुलांच्या अंगणांत नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तेथें रुजला आणि १९७५ सालच्या बालविकास योजनेमुळें देशभर गेला. १९५७ सालीं केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तींत, हाललें. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांत शाळा भरूं लागली. परदेशांतून येणाऱ्या महाग लांकडी साधनांची जागा शंखशिंपल्यांनीं, बियांनीं, पानांनीं आणि खड्यांनीं घेतली. ही नुसती काटकसर नव्हती. बी हातीं घेतलें कीं वारली मूल त्याचें नांव आधीं सांगे. बाई नंतर सांगत. देणारा आणि घेणारा यांची जागा क्षणभर बदलली, आणि त्या क्षणीं मुलाची जीभ सुटली.

माँटेसरीबाईंच्या पद्धतींत शब्द देण्याच्या तीन पायऱ्या आहेत. प्रथम वस्तु दाखवून नांव सांगावयाचें: हें खरखरीत, हें गुळगुळीत. मग विचारावयाचें: यांतलें खरखरीत कोणतें तें दे. सर्वांत शेवटीं, आणि तेंही मुलाची तयारी दिसली तरच, विचारावयाचें: हें कसें आहे? आपल्या शाळांची आणि घरांचीही चूक अशी कीं, आपण तिसऱ्या पायरीपासून आरंभ करतों. मुलास उत्तर आलें नाहीं कीं रागावतों, आणि शब्दाबरोबर भीतीही शिकवितों.

१९६७ सालीं पुण्यास राज्याचें पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे 'बालभारती', स्थापन झालें. मराठीबरोबर कानडी, तेलुगु, उर्दू अशा आठ भाषांत तें पुस्तकें काढूं लागलें. १९७१ सालीं त्याचें 'किशोर' मासिक निघालें. सोलापूर महानगरपालिकेच्या मराठी, उर्दू, कानडी आणि तेलुगु अशा चारी माध्यमांच्या शाळा असल्यानें ह्या योजनेचें मोल येथें विशेष जाणवलें. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंही प्रारंभींचें शिक्षण शक्यतों मातृभाषेंतून व्हावें असें सांगितलें आहे. परंतु माध्यम ठरलें म्हणजे प्रश्न मिटला असें होत नाहीं. सोलापुरांतील तीन प्रकारचीं मुलें डोळ्यांपुढें आणलीं म्हणजे हें कळेल.

पहिलें मूल विणकराच्या घरचें. माग कसा चालतो, ताणा कोणता आणि बाणा कोणता, धोटा कसा धांवतो, कांडी केव्हां संपते, हें त्याला लहानपणापासून ठाऊक असतें. घरची भाषा तेलुगु, शाळा मराठी. ह्या मुलापाशीं वस्तु आहे, व्यवहार आहे. मराठी नांव तेवढें नाहीं. त्याला एक नांव दिलें कीं पुरें. दुसरें मूल मोहोळ, मंगळवेढें, बार्शी अशा तालुक्यांतून शहरांत आलेलें, ज्वारीच्या रानांत वाढलेलें. धाट, कणीस, हुरडा, बाटूक, कडबा, सरमाड, भुसकट असे बारीक भेद दाखविणारे शब्द त्याच्या तोंडीं असतात. पुस्तक मात्र ह्या सर्वांस 'पीक' एवढें म्हणून मोकळें होतें. येथें दरिद्री कोण, मूल कीं पुस्तक? तिसरें मूल जुळ्या सोलापुरांतील सुशिक्षित घरचें, बहुधा इंग्रजी शाळेंत जाणारें. त्याला रंगांचीं इंग्रजी नांवें येतात. पण अबोली, डाळिंबी, मोरपंखी, गुलबक्षी, राखी हे रंग आजीच्या लुगड्यांबरोबर कपाटांत राहतात. आत्या, मावशी, काकू, मामी ह्या चौघी मिळून एकच 'आंटी' होतात. वस्तु आहे, माणसें आहेत. त्यांच्यांतले भेद सांगणारा घरचा शब्द मात्र निसटत चालला आहे. पहिल्या दोन मुलांची काळजी शाळेनें वाहावी; ह्या तिसऱ्याची काळजी घरावांचून कोणी वाहणार नाहीं.

भाषा एकमेकींत मिसळल्या तर बिघडतात, ही भीतिही येथें निराधार ठरते. विटीदांडू खेळतांना महाराष्ट्रांतलीं मुलें पिढ्यान् पिढ्या 'वकट, लेंड, मूंड, नाल' असें मोजीत आलीं आहेत. हे शब्द म्हणजे तेलुगूंतले ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, अर्थात् एक, दोन, तीन, चार. मराठी मुलांनीं खेळांत तेलुगु आंकडे आनंदानें घेतले, आणि कोणाची मराठी त्यानें बुडाली नाहीं. अण्णा आणि अक्का, तूप आणि अडकित्ता हेही शब्द कानडीच्या शेजारानें आलेले. खेळाच्या मैदानानें जें सहज केलें तें वर्गानें करण्यास हरकत कां असावी? तेलुगु घरच्या मुलानें पाण्यास 'नीळ्ळु' म्हटलें आणि कानडी घरच्या मुलानें 'नीरु' म्हटलें, तर मास्तरांनीं तीं दोन्ही नांवें फळ्यावर 'पाणी' ह्या शब्दाशेजारीं लिहावीं. सबंध वर्गास तीन शब्द मिळतील, आणि दोन मुलांस मान मिळेल.

घरच्या पद्धतीही जुन्याच, पण कसाला उतरलेल्या आहेत. भाजी निवडतांना देंठ, पाला, शेंडा, जून, कोंवळें हे शब्द सहज येतात. रात्रीं एक गोष्ट सांगतांना पांच नवे शब्द पेरण्यापेक्षां एकच पेरावा, आणि दुसऱ्या दिवशीं तो दुसऱ्या प्रसंगीं पुन्हां वापरावा. चारसहा वेळां वेगवेगळ्या वाक्यांतून भेटल्यावांचून शब्द मुलाचा मित्र होत नाहीं. कोडीं आणि भेंड्या यांत मुलास शब्द शोधावा लागतो, म्हणून तो पक्का होतो. मूल चुकीचा शब्द बोललें तर थांबवूं नये. उत्तर देतांना योग्य शब्द आपल्या वाक्यांत घालून पुढें जावें. आणि मुलानें आपणांस ठाऊक नसलेला एखादा घरचा, शेताचा अगर मागाचा शब्द उच्चारला, तर त्याला 'म्हणजे काय रे?' असें खरोखरीच्या उत्सुकतेनें विचारावें.

पंतोजीच्या पडवीपासून कोसबाडच्या टेकडीपर्यंतचा हा प्रवास एवढेंच सांगतो कीं, शब्द बाहेरून ओतून भरतां येत नाहींत. मुलाच्या पदरीं असलेल्या शब्दास धरून दुसरा वाढतो, वेल जुन्या फांदीस धरून वाढावा तसा. ती जुनी फांदी आधीं शोधणें हें शिक्षकाचें आणि आईबापांचें पहिलें काम. तेवढें झालें म्हणजे पुस्तकाचें काम पुष्कळच हलकें होतें.